पुष्पकाचे दोन गुण

रावणवधानंतर श्रीरामचंद्र ज्या पुष्पक विमानांतून अयोध्येस परतले, त्याचे दोन गुण रामायणांत सांगितले आहेत. एक, तें मनाच्या वेगानें जाई. दुसरा, त्यांत बिभीषण, सुग्रीव आणि सारे वानर सुखानें सामावले. बाळपणीं ही कथा ऐकतांना आम्हांस पहिल्याच गुणाचें कौतुक वाटे. दुसऱ्याची थोरवी कळण्यास साठी उलटावी लागली.

गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं कन्येकडे राहण्याचा योग आला. तेथें ‘म्यूझियम ऑफ फ्लाइट’ हें विमानांचें मोठें संग्रहालय आहे. त्याच्या एका विस्तीर्ण छपराखालीं काँकॉर्ड जातीचें निवृत्त विमान उभें आहे. इंग्रज व फ्रेंच या दोन राष्ट्रांनीं मिळून घडविलेलें हें विमान ध्वनीच्या दुप्पट वेगानें, भूमीपासून सुमारें १८ किलोमीटर उंचीवरून उतारू नेत असे. लंडनहून न्यूयॉर्कचा प्रवास साडेतीन तासांचा. उतरतांना चालकास धांवपट्टी दिसावी म्हणून त्याची लांब चोंच खालीं वांकविण्याची सोय होती. पक्ष्याचें इतकें साम्य असलेली दुसरी मनुष्यकृति आम्हीं पाहिली नाहीं.

आंत शिरलों, तों मार्ग अरुंद, दोन्ही बाजूंस दोन दोनच आसनें, आणि खिडक्या तळहाताएवढ्या. वेगांत असतां हें विमान इतकें तापे कीं, चोंचीचें टोंक १२७ अंशांपर्यंत जाई आणि सबंध अंग जवळजवळ वीतभर लांबे. तेव्हां चालककक्षांतील एका भिंतीपाशीं फट पडत असे. ५ नोव्हेंबर २००३ रोजीं न्यूयॉर्कहून येथें येण्याच्या अखेरच्या उड्डाणांत विमानांतील अभियंत्यानें आपली टोपी त्या फटींत खोंवली. पुढें अंग निवालें, फट मिटली आणि टोपी तेथेंच अडकली. ती सोडविण्यास विमानाला पुन्हा तोच वेग घ्यावा लागेल, आणि तो तर आतां यावयाचा नाहीं. निवृत्त माणसानें हें वृत्त फार वेळ मनांत घोळवूं नये, असें आम्हीं स्वतःस बजाविलें.

त्याच छपराखालीं बोइंग ७४७ चा अगदीं पहिला नमुना आहे. तो ९ फेब्रुवारी १९६९ रोजीं उडाला आणि काँकॉर्ड त्याच वर्षीं २ मार्चला. म्हणजे दोघांच्या वयांत एकवीस दिवसांचें अंतर. परंतु जन्मकाळीं भविष्य मात्र उलटें वर्तविलें गेलें. पुढील काळ ध्वनीहून वेगवान विमानांचाच, असें बहुतेक तज्ज्ञ मानीत. ७४७ च्या कर्त्यांसही वाटे कीं, उतारू लवकरच तिकडे वळतील आणि आपल्या विमानास ओझीं वाहावीं लागतील. नाकाकडून माल भरतां यावा म्हणून त्यांनीं चालकाची जागा उचलून वर नेली. बैलाच्या वशिंडासारखा जो उंचवटा सर्वांस परिचित आहे, तो असा आला. खुद्द बोइंग कंपनीही वेगवान विमान बांधीत होती. त्याच्या अभिमानानें सिअ‍ॅटलच्या बास्केटबॉल संघानें १९६७ सालीं ‘सुपरसॉनिक्स’ हें नांव घेतलें. १९७१ सालीं अमेरिकन काँग्रेसनें द्रव्य देणें बंद केलें. संघ खेळत राहिला, विमान कधींच उडालें नाहीं.

काँकॉर्ड उडालें, पण एकंदर बांधलीं गेलीं तीं वीसच. शंभर उतारूंसाठीं टाक्यांत सुमारें ९५ टन इंधन, म्हणजे माणशीं जवळजवळ एक टन! भाडें धनिकांसच झेपे. त्याचा कडकडाट लोकवस्तीस सोसेना. १९७३ सालीं अमेरिकेनें आपल्या भूमीवरून तशा वेगानें जाण्यास नागरी विमानांना बंदी केली. पुढें २५ जुलै २००० रोजीं पॅरिसजवळ झालेल्या अपघातांत ११३ जीव गेले, आणि २००३ सालीं हा सर्व व्यवहार आटोपला. ७४७ मात्र १,५७४ बांधलीं गेलीं. आपल्या एअर इंडियानेंही प्रारंभीं दोन काँकॉर्डांसाठीं नांव नोंदविलें होतें. तो विचार सुटला, आणि १९७१ सालीं ‘एम्परर अशोक’ हें तिचें पहिलें ७४७ मुंबईस आलें.

हें सारें आम्ही कन्येस मोठ्या उत्साहानें सांगत होतों. ती काँकॉर्डकडे पाहत उभी होती. मग हळूच म्हणाली, “बाबा, हें असतें, तर मी आजीला भेटलें असतें.”

आम्ही निरुत्तर झालों. चार वर्षांपूर्वीं आमच्या मातोश्री गेल्या, तेव्हां ही दोन ठिकाणीं विमान बदलून पुण्यास पोंचली, तों अस्थिसंचयनही उरकलें होतें. एवढा पल्ला एका दमांत गांठण्याची काँकॉर्डची शक्ति नव्हती, जमिनीवरून जातांना त्यास वेग आवरावा लागे, आणि तिकिटाचा पैका आम्हांपाशीं नव्हता. हीं तिन्ही उत्तरें जिभेवर आलीं, पण तीं मास्तराचीं होतीं. बापानें तीं गिळलीं. वेगाची तहान केवळ चैनीची असते, असें तोंवर आम्ही समजत होतों.

परतीच्या विमानांत झोंप लागेना म्हणून उठून चाललों. रांगांमागून रांगा भरलेल्या. कोणी आजी नातवाचें बारसें करून निघालेली, कोणी विद्यार्थी प्रथमच सुटीस घरीं येणारा. यांतील एकासही काँकॉर्डमध्यें जागा मिळाली नसती. वेगवान विमानें पुन्हा बांधण्याची खटपट हल्लीं चालू आहे. २०२५ च्या जानेवारींत एका अमेरिकन कंपनीच्या प्रायोगिक विमानानें ध्वनीचा वेग ओलांडलाही. त्याच्या कर्त्यांना आमचें यश चिंतून एवढेंच विचारणें आहे: त्यांत बसावयाचें कोणीं? पुष्पकाचा एक गुण साधणें कठीण खरें. पण ज्या लेकीला आजीपाशीं वेळेवर पोंचावयाचें आहे, तिला दोन्ही लागतात.