स्टिकरवरून ठरणारा धंदा

पिकअपचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला की चौकटीवर एक लेबल दिसतं. मालासकट गाडीचं वजन जास्तीत जास्त किती असावं, ते कंपनीने त्यावर छापलेलं असतं. ट्रेलरलाही तसाच पत्रा असतो. इथे ओहायोत माझा शेजारी हौशी शर्यतींत उतरतो. त्याच्या पिकअपवर आकडा आहे ७,००० पौंड आणि ट्रेलरवरही ७,०००. बेरीज १४,०००, म्हणजे साधारण ६,३५० किलो. त्याची जुनी माझदा मियाटा जेमतेम हजार किलोची, पण ट्रेलर रिकामा असला तरी हिशेबात छापील आकडाच धरला जातो.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत १०,००१ पौंड किंवा त्याहून जास्त वजनाची जोडी धंद्यासाठी राज्याची हद्द ओलांडत असेल, तर ते व्यावसायिक वाहन. मग दारावर नोंदणी क्रमांक हवा, ड्रायव्हरचं वैद्यकीय प्रमाणपत्र हवं, चालवलेल्या तासांची नोंद हवी. ओहायोतून विस्कॉन्सिनच्या रोड अमेरिका ट्रॅकवर जायचं, तर हद्दी ओलांडाव्याच लागतात.

यातून सूटही आहे. स्वतःची वस्तू अधूनमधून, मोबदला न घेता आणि धंद्यासाठी नव्हे अशी नेणाऱ्याला हे नियम लागू नाहीत. शर्यतीच्या गाड्या, घोडे, बोटी यांचा स्पष्ट उल्लेख असलेला खुलासा १९९७ सालचा आहे. बक्षिसाची रक्कम उत्पन्न म्हणून दाखवा, छंदाचा खर्च धंद्याचा म्हणून करातून वजा करू नका आणि कंपनीचं प्रायोजकत्व नको, अशा त्याच्या अटी. डिसेंबर २०१७ मध्ये ट्रकवाल्यांना तासांची नोंद ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं, तेव्हा घोडेवाले आणि रेसवाले दोघेही धास्तावले आणि हा जुना खुलासा पुन्हा शोधून वाचला गेला.

पहिल्या दोन अटी मला पटतात. टायरचा खर्च ज्याने धंद्याचा म्हणून दाखवला, त्याने सरकारला स्वतःच सांगितलंय की हा धंदा आहे. तिसरी मात्र अन्यायाची आहे. हायवेवर थांबवणाऱ्या पोलिसाला कराचे कागद दिसत नाहीत, त्याला दिसतात स्टिकर. त्यातले कितीतरी आयोजकांच्या नियमाने लावावेच लागतात, टायर कंपनीचं बक्षीस हवं असेल तर तिचाही लावावा लागतो. खिशातून दर शर्यतीला पैसे घालणारा माणूस त्यामुळे धंदेवाईक कसा होतो? ओळखीच्या गॅरेजवाल्याने तेलाचे दोन डबे दिले, तर ते प्रायोजकत्व का? खुलाशात रकमेची मर्यादाच नाही. ती घालायला हवी.

ब्रेक आणि झोप यांत मात्र सूट कुणालाच नको. रविवारी संध्याकाळी शर्यत संपवून, रात्रभर ट्रेलर ओढत, सोमवारी कामावर हजर होणारे लोक मी पाहिलेत. ट्रकवाल्याला दहा तासांच्या विश्रांतीनंतर अकराच तास चालवता येतं. त्याच रस्त्यावर, थकलेल्या डोळ्यांनी सहा टनांची जोडी हाकणारा हौशी आहे म्हणून समोरच्याचा धोका कमी होत नाही.

ट्रॅकवर आता मराठी मुलंही भेटतात. त्यांना एवढंच सांगेन, ट्रेलर विकत घेण्याआधी दोन्ही लेबलांची बेरीज करा आणि आपल्या राज्याच्या परवाना खात्याला विचारा, कारण राज्यांचे नियम आणखी वेगळे आहेत. २६,००१ पौंडांची जोडी आणि त्यात १०,००० वरचा ट्रेलर असेल, तर लायसन्सचाच प्रश्न उभा राहतो.