आधी वास, मग भेट

कापशीला सोबत हवी म्हणून दुसरा ससा आणला. 'सोडा एकत्र, जमतं त्यांचं,' या विक्रेत्याच्या भरवशावर त्याच संध्याकाळी तिच्या पिंजऱ्यात सोडला. क्षणात केसांचे पुंजके उडाले, नव्याचा कान फाटला. ससा हनुवटी घासून आपली हद्द आखतो; तिथे परका त्याला खपत नाही. हे विकणाऱ्याने सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांनी आधी दोघांची नसबंदी केली. त्यानंतरही काही आठवडे घाई केली नाही. चावता येणार नाही इतक्या अंतरावर दोन पिंजरे ठेवले. रोज याचं फडकं तिच्याकडे, तिचं याच्याकडे. मग बाथरूममध्ये दहा-दहा मिनिटं भेटी. ती जागा दोघांनाही परकी होती. फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून जुनी सतरंजी अंथरली.

दोन महिने लागले. तेवढी सवड नसेल तर दुसरा ससा आणूच नये. एका दुपारी कापशीने त्याच्यापुढे डोकं जमिनीला टेकवलं. तो थबकला, आणि तिचं कपाळ चाटू लागला. मी दाराशी श्वास रोखून उभी होते.