आखाजीआधी गच्ची पांढरी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपार जातो. खानदेशातली जुनी धाब्याची घरे हा ताप सोसत: जाड मातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर आणि पावसाळ्याआधी त्यावर नवी खारी माती. आता धुळे-जळगावच्या कॉलन्यांतला स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर घर भाजतो. मग कूलर, एसी आणि न पेलणारे वीजबिल!

यावरचा स्वस्त उपाय गल्लीने मिळून करण्याचा आहे. चुन्याने पांढरी केलेली गच्ची ऊन परतवते. तेलंगणने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी धोरणच आणले. वीजबिलासाठी पंखेही बदलता येतात: साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा तीसेक; सोसायटीने एकदम घेतले तर भावातही घासाघीस करता येते. एकजुटीचे धडे बाहेरून आणायला नकोत. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने अख्खे जंगल राखले, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

धुळे आणि जळगावच्या महापालिकांनी आपल्या शाळा-दवाखान्यांच्या गच्च्यांपासून सुरुवात करावी. आणि मंडळांनो, यंदा आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, वर्गणीतून चुना आणा. गल्लीतल्या पत्र्याच्या घरांची छपरे आधी रंगवा.