हात तेच, परवाना नवा

न्यू जर्सीहून टेक्ससला बिऱ्हाड हललं की नव्वद दिवसांत ड्रायव्हिंग लायसन्स बदलून घ्यावं लागतं. जुनं कार्ड जमा करायचं, डोळे तपासून घ्यायचे, फी भरायची, झालं. गाडी चालवून दाखवा असं सहसा कुणी म्हणत नाही, कारण एका राज्याने घेतलेली परीक्षा दुसरं राज्य मानतं. त्याच घरातली बाई मसाज थेरपिस्ट असेल, तर तिच्या बाबतीत मात्र हा विश्वास संपतो. दहा वर्षं काम केलेलं असो, एकही तक्रार नसो, नव्या राज्यात पाऊल ठेवलं की ती विनापरवाना असते. परवाना हातात येईपर्यंत पैसे घेऊन कुणाची मान-पाठ चोळून देणंही बहुतेक राज्यांत तिच्यासाठी बेकायदा ठरतं. हे बदललं पाहिजे आणि ते बदलण्यात आपल्या महाराष्ट्र मंडळांनी हातभार लावला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मंडळांनी यात का पडावं, हे आधी सांगते. एच-वन-बीवर काम करणाऱ्या नवऱ्यासोबत एच-फोर व्हिसावर आलेल्या बायकांना मे २०१५ पर्यंत इथे कामाची परवानगीच नव्हती. त्यानंतर, नवऱ्याचं ग्रीनकार्डाचं काम ठरावीक टप्प्यावर पोचलेलं असेल तर ईएडी, म्हणजे कामाचं परवानगीपत्र, मिळू लागलं. इतकी वर्षं घरात बसलेल्या बाईला पुन्हा चार वर्षांची पदवी परवडत नाही. मसाजचं शिक्षण बऱ्याच राज्यांत वर्षभरात पुरं होतं, पार्ट-टाइम करता येतं आणि मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळून काम करता येतं. आपल्याकडे बीएएमएस होऊन आलेल्या मुलींचीही हीच वाट आहे. त्यांच्या पदवीवर इथे डॉक्टर म्हणून काम करता येत नाही, आणि पैसे घेऊन अभ्यंग करायचा तर बहुतेक राज्यांत तो मसाजच्या कायद्याखाली येतो. मग त्या शाळेत जातात, परीक्षा देतात, परवाना काढतात. बाळंतिणीच्या कंबरेला आणि ओटीपोटाला कसा हात लावायचा, किती दिवसांनी लावायचा, हे जाणणारी बाई आपल्याच भाषेत बोलणारी भेटली की घरातल्यांना केवढा धीर येतो, हे पुण्याहून आजी वेळेवर येऊ न शकलेल्या घरांना विचारावं. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासू-सासऱ्यांच्या आखडलेल्या गुडघ्यांनाही याच बायका आधार देतात.

आणि मग नवऱ्याची नोकरी बदलते. डॅलस, शार्लट, सिअ‍ॅटल, जिथे काम तिथे जावंच लागतं. जाणाऱ्या बाईला वाटतं की तिकडच्या राज्याच्या मसाज बोर्डाला कळवलं की परवाना पाठोपाठ येईल. तसं कुठलंच राज्य करत नाही. जुन्या परवान्याच्या आधारावर नवा अर्ज करायचा, याला बोर्डाच्या भाषेत एन्डॉर्समेंट म्हणतात. जुन्या बोर्डाने परवाना खरा असल्याचं पत्र थेट नव्या बोर्डाला पाठवायचं. शाळेने ट्रान्स्क्रिप्ट थेट पाठवायचं. एमब्लेक्स या मसाजच्या परवाना परीक्षेचा निकाल बोर्डांच्या फेडरेशनकडून थेट जायचा. बोटांचे ठसे पुन्हा द्यायचे. काही राज्यांत तिथल्या कायद्यावर वेगळी परीक्षा असते. यातला एक कागद अडला तरी अर्ज तसाच पडून राहतो, आणि उशीर कुणाकडे आहे हे अर्जदाराला कुणी आपणहून सांगत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीची शाळाच मधल्या काळात बंद पडली होती, त्यामुळे ट्रान्स्क्रिप्ट कुणाकडे मागायचं इथूनच तिचा शोध सुरू झाला. हे अपवादानेच घडतं असं समजू नका. एव्हरेस्ट नावाने मसाजचे वर्ग चालवणारी कोरिंथियन कॉलेजेस ही मोठी साखळी एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या सगळ्या शाखांसह बंद झाली. हजारो विद्यार्थ्यांची कागदपत्रं त्यानंतर राज्यांच्या शिक्षण खात्यांकडून मिळवावी लागली.

कागद जमले तरी तासांचा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते खरा अन्याय तिथे आहे. न्यू जर्सी, टेक्सस आणि फ्लोरिडा ५०० तासांचं शिक्षण मागतात. पेनसिल्व्हेनिया आणि इलिनॉय ६०० मागतात. न्यू यॉर्क १००० मागतं. जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने काही मिनिटांत मॅनहॅटन गाठता येतं, पण नदीच्या अलीकडे पात्र असलेली थेरपिस्ट पलीकडे निम्मीच शिकलेली धरली जाते. तिकडे कॅन्सस सिटीत स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता आहे. त्याच्या पूर्वेला मिझुरी, तिथे ५०० तासांचं शिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. पश्चिमेला कॅन्सस, तिथे राज्याचा मसाज परवाना असा प्रकारच नाही, शहरांचे आपापले नियम तेवढे आहेत. कॅलिफोर्नियात राज्याचं प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. माणसाची पाठ तर सगळीकडे सारखीच. लोकांच्या शरीराचं रक्षण व्हावं म्हणून हे नियम आहेत असं सांगितलं जातं, तर मग ते रक्षण एका रस्त्याच्या दोन बाजूंना इतकं वेगळं कसं असू शकतं?

बोर्डांची बाजू मला माहीत आहे आणि ती हलकी नाही. मसाजच्या पाटीआड देहविक्रय चालतो, परदेशातून आणलेल्या बायकांना धाकात ठेवून राबवलं जातं, खोट्या शाळांची प्रमाणपत्रं विकली जातात. पडताळणी सैल केली तर त्याचा फायदा आधी हे धंदे करणारेच घेतील, आणि प्रामाणिक थेरपिस्टचंही नाव त्यात खराब होईल. म्हणून बोटांचे ठसे, गुन्ह्यांची तपासणी, आधीच्या राज्यातल्या शिस्तभंगाची नोंद, हे सगळं राहिलंच पाहिजे. पण यातलं एकही काम जास्तीच्या शंभर-दोनशे तासांनी होत नाही. एमब्लेक्स उत्तीर्ण होऊन वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईला पुन्हा शरीररचनेच्या वर्गात बसवून कुठलाही दलाल सापडत नाही. त्यासाठी राज्यांनी एकमेकांना माहिती द्यायला हवी, आणि बोर्डांच्या फेडरेशनने अशी सामायिक नोंदवही उभीही केलेली आहे. ती सगळ्यांनी नीट वापरावी.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालू शकतो, हे या देशाने तत्त्व म्हणून केव्हाच मान्य केलं आहे. परिचारिकांचा कॉम्पॅक्ट, म्हणजे राज्यांमधला परवान्याचा करार, २००० पासून आहे आणि आज त्यात चाळीसहून अधिक राज्यं आहेत. अ‍ॅरिझोनाने २०१९ मध्ये कायदा केला की दुसऱ्या राज्यात किमान वर्षभर परवाना असलेली आणि नाव स्वच्छ असलेली व्यक्ती तिथे राहायला आली, तर तिचं कौशल्य मान्य करायचं. जानेवारी २०२३ पासून तर केंद्राचाच कायदा सैनिकांच्या जोडीदारांना हा दिलासा देतो. लष्कराच्या हुकमाने बदली झाली तर त्यांचा बहुतेक व्यवसायांचा परवाना नव्या राज्यातही चालतो. सैनिकाच्या घराने देशासाठी जे सोसलं त्याची बरोबरी मला करायची नाही. पण त्या कायद्यामागचं कारण पाहा: जोडीदाराच्या नोकरीपायी घर हलतं, आणि त्याची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कामाला मोजावी लागते. एच-वन-बीवरच्या कुटुंबात नेमकं हेच होतं. तिथे तर नवऱ्याची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, ती कुठल्या राज्यात मिळेल हे त्यांच्या हातात नसतं.

मसाज थेरपिस्टांसाठीही असा आंतरराज्य कॉम्पॅक्ट तयार आहे. २०२३ मध्ये नेव्हाडाने तो सर्वांत आधी मंजूर केला आणि नंतर ओहायो, व्हर्जिनियासारखी राज्यं त्यात आली. कॉम्पॅक्ट लागू व्हायला किमान सात राज्यांनी त्याचा कायदा करायचा आहे. तो चालू झाला की सदस्य राज्यांतल्या थेरपिस्टला एकाच परवान्यावर सगळ्या सदस्य राज्यांत काम करता येईल. माझा त्याला पाठिंबा आहे, पण एका दुरुस्तीसह. कॉम्पॅक्टचा परवाना ६२५ तासांच्या शिक्षणावर मिळणार आहे. म्हणजे न्यू जर्सी, टेक्सस, फ्लोरिडात ५०० तासांवर शिकलेल्या, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळजणी, पुन्हा दाराबाहेरच राहतील. ६२५ तासांच्या बरोबरीचं काय मानायचं, हे ठरवायचा अधिकार कॉम्पॅक्टच्या आयोगाला दिलेला आहे. त्या बरोबरीत प्रत्यक्ष कामाची वर्षं धरली गेली पाहिजेत. परवाना घेऊन पाच वर्षं काम केलेल्या बाईने टेबलापाशी जे शिकलं आहे, ते सव्वाशे तासांच्या वर्गापेक्षा कमी नाही.

कायदा व्हायला वेळ लागेल, तोवर ज्यांचं घर हलणार आहे त्यांनी एवढं करावं. जुना परवाना संपू देऊ नका, त्याचं नूतनीकरण चालू ठेवा, कारण चालू परवान्यावरचा अर्ज आणि संपलेल्या परवान्यावरचा अर्ज यात फार फरक पडतो. शाळेचं सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट शाळा चालू आहे तोवरच मागवून ठेवा. कंटिन्युइंग एज्युकेशनची सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये असू द्या. नव्या राज्याचे तास तुमच्यापेक्षा जास्त असतील, तर उरलेले तास तिथल्या मान्य शाळेत घेता येतात का आणि कामाचा अनुभव धरतात का, हे बोर्डाकडून लेखी विचारून घ्या. फोनवरचं उत्तर पुढे कामी येत नाही. आणि अर्ज घर हलवल्यावर नव्हे, ऑफर लेटर आल्याबरोबर करा.

शेवटी मी दोन गोष्टी सुचवते, त्यातली पहिली मंडळांच्या कार्यकारिणींसाठी. प्रत्येक मंडळाने आपल्या राज्यातल्या परवानाधारक मराठी थेरपिस्टांची, त्यांच्या संमतीने, यादी ठेवावी, म्हणजे नव्याने येणारीला कुठला कागद कुठे अडतो हे त्यातून गेलेल्या बाईकडूनच कळेल. दुसरं काम आपल्या सगळ्यांचं आहे. आपलं राज्य कॉम्पॅक्टमध्ये नसेल तर आपल्या मतदारसंघाच्या स्टेट सिनेटरला आणि असेंब्लीच्या किंवा हाउसच्या सदस्याला पत्र लिहा, आणि त्यात अनुभवाची वर्षं धरण्याची मागणी स्पष्ट घाला. एच-फोरवरच्या बाईला मत देता येत नसलं तरी पत्र लिहिता येतं आणि सुनावणीत आपलं म्हणणं मांडता येतं. ज्यांनी नागरिकत्व घेतलं आहे त्यांच्या पत्रामागे तर मताचं वजन आहे. ते या बायकांसाठी वापरा.