तुटवड्याची वाटणी

नंदुरबार तालुक्याच्या पूर्व भागात, रनाळ्याच्या आसपास, कमी पाऊस हे काही नवे संकट नाही. इथल्या शेतकऱ्याने ज्वारी-बाजरीची निवड केली ती याच अनुभवातून. अडचण आता वेगळी आहे. पावसाचा मेळ नक्षत्रांशी बसेनासा झाला, लांबलचक खंडानंतर एकाच दिवसात शेत खरडून जाऊ लागले, की वडीलधाऱ्यांचे आडाखे चुकतात. मग ‘जुने ज्ञान संपले, आता हवामान खात्याचा संदेश तेवढा खरा’ असे म्हटले जाते. मला हे अर्धवट वाटते. आडाखे हा गावाच्या शहाणपणाचा एक भाग झाला. पाणी कमी पडले तर ते कोणी, किती आणि कोणत्या क्रमाने सोसायचे, हे ठरवून ठेवणे हा त्याहून मोलाचा भाग, आणि पाऊस बदलला म्हणून तो खोटा ठरत नाही.

याचा पुरावा खानदेशातच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि नाशिककडे मोसम नदीवर तीनशेहून अधिक वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटातून चाऱ्या, आणि भिजणाऱ्या जमिनीचे भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात हंगामी पीक, हे दरवर्षी फिरते. पाणी पाटकरी सोडतो, शेताचा मालक नव्हे. खरी मेख पुढे आहे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे, म्हणून नदी आटली आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी तोटा एकाच्याच वाट्याला येत नसे. पाऊस किती पडेल हे सांगण्याचा दावा या पद्धतीने कधी केलाच नाही. कमी पडला तर काय करायचे, एवढे तिने आधी ठरवले.

रनाळ्याला पांझरेसारखी नदी कुठे आहे, असे कोणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. इथला आधार विहीर आणि बोअर. पण काळ्या बेसाल्टच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात पाणी मुळात थोडे मावते, शिवाय या भागात जमिनीतून भिंतीसारखे गेलेले कठीण खडकाचे पट्टे भूजल अडवतात किंवा वळवतात. त्यामुळे जवळजवळच्या दोन विहिरींचे नशीब वेगळे असू शकते. कोणत्या बाजूची विहीर आधी तळ गाठते हे जुन्या विहीर खोदणाऱ्यांना विचारावे आणि भूजल सर्वेक्षणाच्या नोंदींशी ताडून पाहावे. दोन्हींची गरज आहे. नियमाचे म्हणाल तर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने नदीवाचूनही तो करून दाखवला: पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, शेतीसाठी बोअर बंद केले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनी व्यवस्था जमीनवाल्यांची होती. भूमिहीनांना आणि बायकांना तिथे आवाज नव्हता. म्हणून फड जसाच्या तसा आणावा असे मी म्हणणार नाही. वाटणीचे तत्त्व घ्यावे, बैठकीत बसणारी माणसे बदलावीत. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम कागदावर आहेच, पण प्रत्येक विहिरीवर पहारा ठेवणे सरकारला जमणारे नाही. रब्बीच्या पेरणीआधी विहिरींची पातळी ग्रामसभेत वाचून दाखवली, तर गहू किती आणि हरभरा किती हे तिथेच ठरवता येईल. कांदा लावू इच्छिणाऱ्याला ते जाचेल. त्याचा तोटा गावाने किती उचलायचा, हेही त्याच सभेत मांडावे लागेल.