अंकल, आंटी आणि मोठी माय

आमच्या बजाजनगरात कोणी कोणाचा नातेवाईक नाही, म्हणून सगळे एकमेकांचे अंकल-आंटी आहेत. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागून इतर कारखाने आले आणि पाळीवर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांची ही वस्ती उभी राहिली. बीड-परभणीकडची माणसे आली, बुलढाण्याची आली, पुढे बिहार-उत्तर प्रदेशातलीही आली. अशा गावात जिन्यात भेटलेल्या माणसाला हाक तरी काय मारावी? मी राहायला आलो त्या वर्षी बिऱ्हाडांतली पोरे मला अंकल म्हणू लागली. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. एकेकाला थांबवून सांगत सुटलो, "अंकल नाही, काका म्हणावं." पोरे गुणी निघाली. दुसऱ्या दिवसापासून मी 'काका अंकल' झालो. तेव्हापासून मी सुधारणा सोडून दिली आहे.

वर्गात मात्र हा विषय निघाला की माझी रसवंती अजूनही सुटते. इंग्रजीत एक अंकल म्हटला की त्यात काका आला, मामा आला, आत्याचा आणि मावशीचा नवराही आला. सासू, सून, दीर, नणंद, मेहुणा, भावजय या सगळ्यांना तो मनुष्य 'इन-लॉ'ची एकच शेपटी लावतो. हा 'लॉ' म्हणजे सरकारी कायदा नव्हे बरे का. कोणाशी लग्न करू नये हे सांगणारा चर्चचा नियम तो. आणि साडू, व्याही, विहीण यांच्यासाठी तर त्याच्याकडे शब्दच नाही. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. असले शब्द आले की एका शब्दासमोर एक शब्द ठेवण्याची सोय त्या बिचाऱ्याला नव्हती, नवऱ्याच्या भावाची बायको असे नाते उलगडूनच सांगावे लागे. हे ऐकले की मुले हसतात आणि आपण फार मोठे आहोत असे वाटून तास संपतो.

पण खरी गोष्ट इतकी सरळ नाही. इंग्रजीत पूर्वी काका आणि मामा वेगळे होते. काकाला 'फॅडेरा' म्हणत आणि मामाला 'एआम'. १०६६ साली नॉर्मन आले, त्यांची फ्रेंच भाषा दरबारात बसली आणि पुढच्या दोन-तीन शतकांत हे जुने शब्द मागे पडले. त्यांच्या जागी आलेला अंकल हा मूळ लॅटिनमधला 'आवुंकुलुस', म्हणजे मामा. आंट ही 'अमिता', म्हणजे आत्या. कझिन हा मुळात मावसभाऊ. तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातली बाई जेव्हा पोराला सांगते, "अंकलला नमस्ते कर," तेव्हा ती नकळत मला आपला भाऊ करून घेत असते! घरमालकाला मात्र असले अंकल न म्हटलेले बरे, कारण मामा म्हटल्यावर भाडे मागायला त्याला संकोच वाटेल.

आमच्या भांडारातही भोके आहेतच. खालच्या मजल्यावरच्या बिहारी वहिनींनी मला एकदा निरुत्तर केले. त्यांच्याकडे बापाचा बाप दादा आणि आईचा बाप नाना. तुमच्याकडे काय म्हणतात, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, दोघेही आजोबाच. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशी मी इंग्रजांकडे पाहतो. मावशीच्या नवऱ्याला त्या मौसा म्हणतात, आत्याच्या नवऱ्याला फूफा. आम्ही दोघांनाही बहुधा काका म्हणून वेळ मारून नेतो. शिवाय आपले शब्द तरी सगळे आपले कुठे आहेत? अण्णा, अक्का, आप्पा हे कानडी मुलखातून आले. आत्या कानडीतल्या 'अत्ते'ची सख्खी दिसते, आणि तिकडे अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही होतीच. उत्तर आणि दक्षिण या दोन्हींची नात्यांची रीत महाराष्ट्रात येऊन कशी मिसळते, हे इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवले आहे.

एवढे सगळे मला ठाऊक होते. तरीही गेल्या उन्हाळ्यात मी एक अर्ज लिहिला.

आमच्या वरच्या खोलीत जिंतूरकडचा एक मुलगा राहतो. वय असेल चोवीस-पंचवीस. इथल्याच एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. एका रात्री साडेदहाच्या सुमारास दार वाजले. तो दारात उभा, हातात मोबाइल, आणि म्हणाला, "सर, मोठी माय गेली." आमच्या हिने त्याला बसवले, पाणी दिले. मोठी माय म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको. आई त्याच्या लहानपणीच वारली होती. मोठ्या मायला स्वतःचे मूल नव्हते. तिनेच याला वाढवले, बारावीपर्यंत शिकवले. पाणी पाजायला हाच होता. हे सारे त्याने मला सांगितले, मी ऐकले, आणि त्याच्या रजेचा अर्ज लिहायला बसलो. कारखान्यातला साहेब परप्रांतीय, अर्ज इंग्रजीत हवा होता. मी लिहिले, "माझी आंट वारली आहे, दहा दिवसांची रजा मिळावी." वाक्य व्याकरणशुद्ध होते. पोराने तो अर्ज पहाटे पाळी सुटताना दाखवला.

साहेबाने वाचून सांगितले, आंटसाठी एक दिवस. आई, बाप, बायको, मूल असते तर पाहिले असते. पोराचे इंग्रजी तोकडे, हिंदी बेताचे. "साब, माँ जैसी थी," एवढे तो म्हणाला म्हणे. साहेब म्हणाला, मग अर्जात तसे लिहायचे होते.

तो गावी गेला आणि दहावा उरकूनच परतला. केस काढलेले होते. फाटकावर त्याला कळले की ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस लावला आहे.

मला एका शब्दाने त्याने बोल लावला नाही. उलट आमच्यासाठी गावाकडचे तीळ घेऊन आला. मीच माझ्याशी भांडत बसलो. 'जिने मला आईच्या जागी वाढवले' एवढे लिहायला इंग्रजी अपुरी पडली नसती. चार शब्द जादा लागले असते, इतकेच. त्याने रजा मिळालीच असती असे नाही. ठेकेदाराच्या राज्यात सख्खी आई गेली तरी जागा राहील याची खात्री कोण देणार? पण साहेबाला नाही म्हणायला थोडे जड गेले असते. ते काम मी त्याच्यासाठी सोपे करून ठेवले होते. आणि वर्गात मी सांगतो की इंग्रजांना नाती कळत नाहीत!

पावसाळ्याचे दोन महिने त्याने पंढरपुरात मालाच्या गाड्या भरल्या. (आमच्या वाळूजजवळच्या पंढरपुरात, चंद्रभागेकाठच्या नव्हे. आषाढीला मात्र इथेही पाऊल ठेवायला जागा नसते.) दसऱ्याला त्याला दुसऱ्या कारखान्यात काम लागले. त्या संध्याकाळी तो पेढे आणि एक छापील कागद घेऊन आला. कागद इंग्रजीच. तळाशी एक रकाना होता. काही बरेवाईट झाल्यास कोणाला कळवावे, त्याचे नाव आणि नाते.

"सर, गावाकडं फोन लागत नाही कधी कधी," तो म्हणाला. "तुमचं नाव टाकलं तर चालेल का?"

मी नाव लिहिले. नात्याच्या चौकोनापाशी पेन थांबला. चौकोन आगपेटीएवढा. या वेळी घाई करायची नाही असे मी ठरवले होते. शेजारी लिहावे तर ते नाते नव्हे, आणि सर हेही नव्हे. हिला तो ताई म्हणतो, त्या हिशेबाने मी भाऊजी होतो, पण ते तरी इंग्रजीत लिहिणार कसे?

तो जरा वेळ वाट पाहत राहिला. मग म्हणाला, "अंकल लिहा ना सर. जागा तेवढीच आहे."

मी अंकल लिहिले.