ताकद आणि तारण

ताकद कुणाला नको असते? पैलवानाला हवी, पुढाऱ्याला हवी आणि मोटारवाल्याला तर हवीच हवी. प्रश्न असतो तो ती आणायची कुठून आणि पेलायची कशी, हा. बँकेच्या खतावण्यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न अलीकडे एका चिमुकल्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनात भेटला.

अमेरिकेत ओहायोला असलेल्या माझ्या पुतण्याकडे माझ्दाची जुनी मियाटा आहे. दोन आसने, उघडे छप्पर, वजन सुमारे साडेनऊशे किलो. १९८९ साली ही गाडी आली तेव्हा तिच्या १.६ लिटरच्या इंजिनाची ताकद ११६ अश्वशक्ती होती. इंजिन थकले, त्याचे काम काढायचे ठरले आणि चिरंजीवांच्या मनात आले, खोलतोच आहोत तर टर्बोही बसवू! सूनबाईंचा फोन आला, "काका, तुम्ही बँकेत होतात. एवढा खर्च करावा का, ते तुम्हीच सांगा ह्याला."

टर्बोची कल्पना मोठी मोहक आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. म्हणजे ताकदीचे भांडवल जितके पेट्रोल, तितकीच हवा. इंजिनातून बाहेर पडून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबायची. ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या युक्तीचे पेटंट मिळवले. वाया जाणाऱ्यातून कमाई! कुठल्याही बँकवाल्याला भुरळ पडावी.

पण तारण काय? हवा दाबली की तापते. तापलेल्या मिश्रणाचा एखादा कोपरा ज्वाला पोचण्याआधीच आपसूक पेटतो आणि आत हातोड्याचे घाव बसू लागतात. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यात पिस्टन फुटतात, हेड गॅस्केट जाते. म्हणून हवा थंड करणारा इंटरकूलर हवा, घडीव पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हवेत, पेट्रोलचे आणि ठिणगीच्या वेळेचे गणित नव्याने मांडायला हवे. इंजिन भक्कम झाले की ताण पुढे सरकतो. क्लच घसरू लागतो. त्याच्यामागे डिफरन्शियल. १.६ लिटरच्या मियाटाचे डिफरन्शियल नाजूक. १९९४ साली १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा कंपनीने ते मोठे केले. शेवटी रेडिएटर आणि ब्रेक.

मी पुतण्याला एवढेच सांगितले, की खर्चाची यादी उलटी लिही. ब्रेक पहिले, टर्बो शेवटी. कर्ज मंजूर करताना आम्ही अर्जदाराचा उत्साह नव्हे, परतफेडीची ऐपत बघत असू. दाबलेली हवा हेही कर्जच. त्याचे हप्ते लोखंड भरते.

कुणी म्हणेल, अशा हलक्याफुलक्या गाडीला ही नसती ताकद कशाला? घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशी तिच्या जपानी निर्मात्यांची कल्पना होती. तिची गंमत चपळाईत आहे, हे मलाही मान्य. पण छंदाला सरसकट उधळपट्टी म्हणणे मला पटत नाही. खुद्द माझ्दाने २००४ साली १७८ अश्वशक्तीची टर्बो मियाटा विकायला काढली, तेव्हा क्लच आणि सस्पेन्शनही बदलले. मुद्दा तोच, ताकदीबरोबर पायाही वाढवला.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. आपली पोरे मात्र सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडतात. ताकद होती तेवढीच, वाढतो तो नुसता आवाज! आणि त्यांनाच का हसावे? पोराचा पाया कच्चा असताना त्याला तीन-तीन क्लासांना घालणारे आपण वडीलधारे तरी वेगळे काय करतो?

पुतण्याचे इंजिन आता नव्या रिंगा-बेअरिंगांसह बांधून झाले आहे. नवे ब्रेकही बसले. टर्बो अजून खोक्यातच आहे. सूनबाईंची आता तक्रार नाही. ताकद जरूर वाढवावी. पण ज्याला ब्रेकचे बिल जड वाटते, त्याने टर्बोची किंमत विचारायला जाऊ नये.